थंडीत गाडी चालू होत नाही? आधी आवाज ऐका, मग खर्च करा

डिसेंबर लागला की आपल्या वस्त्यांमध्ये पहाटे पाच-साडेपाचलाच गाड्यांची बॉनेटे उघडलेली दिसू लागतात. कोणी शाळेच्या व्हॅनला सेल्फ मारून मारून थकलेला असतो, तर कोणी भाजीचा टेम्पो ढकलण्यासाठी शेजारच्या मुलांना अंथरुणातून उठवत असतो. दुपारी ऊन तापले की हीच गाडी एका सेल्फमध्ये चालू होते. त्यामुळे मालकाला वाटते, झाले ते थंडीमुळे झाले, आता काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच प्रकार होतो.

आपल्या घरांत गाडी ही मिरवण्याची वस्तू नाही. बहुतेक ठिकाणी ती बँकेचे किंवा फायनान्सचे कर्ज काढून घेतलेली असते आणि तिच्यावर घर चालते. कळमन्याच्या बाजारात माल उशिरा पोहोचला तर भाव उतरलेला असतो. व्हॅन तीन दिवस उशिरा आली तर चौथ्या दिवशी पालक दुसरी व्हॅन लावतात. हप्त्याची तारीख मात्र थंडी पाहून पुढे सरकत नाही.

अशा घाईतच माणूस नको तो खर्च करून बसतो. कोणीतरी सांगतो, "बॅटरी गेली, नवीन टाका." उसने पैसे काढून नवीन बॅटरी टाकली जाते आणि आठ दिवसांनी पुन्हा तीच रड. मग सेल्फ मोटर खोलली जाते. शेवटी निघते काय, तर इंजिनाच्या अर्थिंगची सैल पट्टी! असे प्रकार आम्ही आमच्याच भागात एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. सगळेच मिस्त्री लबाड असतात असे आमचे म्हणणे नाही. परंतु गाडीवाल्याला स्वतःला काहीच ठाऊक नसले की अंदाजाने सामान बदलले जाते आणि त्या अंदाजाची किंमत आपल्या खिशातून जाते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे, की थंडीत अडणाऱ्या गाडीचा दोष बहुधा आधीपासून गाडीत असतो आणि थंडी तो उघडा पाडते. तो क्रमाने शोधावा. फुकट होणाऱ्या तपासण्या आधी कराव्यात, दहा-वीस रुपयांच्या त्यानंतर आणि नवीन सामान सर्वांत शेवटी.

थंडीत नेमके काय होते?

एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. पहिली गोष्ट बॅटरीची. आपल्या गाडीतील शिसे व आम्लाची बॅटरी रासायनिक क्रियेवर चालते आणि थंडीत ही क्रिया मंदावते. शून्य अंशाला बॅटरीची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. आपल्याकडच्या आठ-दहा अंशांच्या थंडीत घट त्याहून कमी असते. चांगल्या बॅटरीला ती जाणवत नाही, परंतु आधीच अर्धी झालेली बॅटरी तिथेच बसते.

दुसरी गोष्ट ऑइलची. थंडीत गोडेतेल जसे घट्ट होते तसेच इंजिनातील ऑइलही घट्ट होते. म्हणजे बॅटरीची ताकद कमी झालेली असतानाच इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते.

तिसरी गोष्ट इंधनाची. थंड पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि वाफ झाल्याशिवाय पेट्रोल पेटत नाही. डिझेलला तर ठिणगीच नसते. सिलिंडरमधील हवा सोळा ते बावीस पट दाबली जाऊन जी उष्णता तयार होते तिच्यावर डिझेल पेटते. इंजिनाच्या भिंती थंड असल्या आणि सेल्फ हळू फिरला की ही उष्णता वाया जाते.

उन्हाळ्यात मार, हिवाळ्यात हाक

आपल्या विदर्भातील गाडीवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बॅटरीचे आयुष्य थंडीपेक्षा उन्हाळा जास्त खातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बॉनेटखाली तर त्याहून जास्त. त्या उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते आणि आतल्या प्लेटा झिजतात. पण उन्हाळ्यात इंजिन हलके फिरते म्हणून हे कळत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा पहाटे मे महिन्यातला मार बाहेर येतो. नाशिककडे निफाडच्या पट्ट्यात तर कडाक्याची थंडी दरवर्षीचीच. तेव्हा बॅटरीचे पाणी पाहण्याचे काम डिसेंबरवर न ठेवता उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी करावे.

चार आवाज ओळखा

बॉनेट उघडण्याआधी एकदा सेल्फ मारून नीट कान द्यावा. आवाज चार प्रकारचे असतात.

एक, 'कट-कट-कट' असा आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल अथवा गंजलेले आहे.

दोन, फक्त एकदाच 'टक्' होते आणि पुढे शांतता. अशा वेळी हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारावा. दिवा एकदम मंद झाला तर दोष बॅटरीत किंवा जोडात. दिवा तसाच लख्ख राहिला तर संशय सेल्फ मोटरवर किंवा तिच्या वायरीवर घ्यावा.

तीन, इंजिन 'घुर्रर... घुर्रर...' असे जड आणि संथ फिरते. बॅटरी, जोड, अर्थिंग, घट्ट ऑइल आणि सेल्फचे झिजलेले कार्बन, याच क्रमाने पाहावे.

चार, इंजिन झपझप फिरते, परंतु पेटत नाही. इथे बॅटरीचा काही दोष नाही. नवीन बॅटरी टाकून एक पैशाचाही फायदा होणार नाही. इंधन, ठिणगी किंवा डिझेल गाडीत हीटर प्लग पाहावा.

एवढे चार आवाज ओळखता आले तरी निम्मी लढाई जिंकली. मिस्त्रीकडे जाऊन "गाडी चालू होत नाही" असे म्हणण्याऐवजी "इंजिन जोरात फिरते, पण पकडत नाही" असे सांगितले, की तोही सरळ मुद्द्यावर येतो.

सोडा, गरम पाणी आणि पाना

पहिली तपासणी टर्मिनलची. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली असते. तिच्यातून वीज नीट जात नाही. गाडी बंद करून आधी वजा टर्मिनल काढावे, मग अधिक. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासावे. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. टोके पॉलिश पेपरने चकचकीत करून कोरडी पुसावीत. बसवताना उलट क्रम, आधी अधिक आणि शेवटी वजा. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा हात फिरवावा. हाताने हलवून पाहिले तर टर्मिनल जराही हलता कामा नये.

दुसरी तपासणी अर्थिंगची. बॅटरीच्या वजा टोकापासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाड वायर किंवा विणलेली पट्टी जाते. चिखल, गंज आणि धक्के यांनी ती कुजते. तिचे बोल्ट खोलून, घासून, पुन्हा आवळावेत. सेल्फ मारल्यानंतर ज्या जोडाला हात लावल्यावर गरम लागतो, तिथे वीज अडते आहे असे समजावे.

तिसरी, पाण्याची. झाकणे उघडता येणारी बॅटरी असेल तर प्रत्येक कप्प्यात प्लेटांच्या वर पाणी हवे. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे किंवा बोअरचे पाणी घातले तर त्यातील क्षार बॅटरी मारतात. वरून आम्ल तर मुळीच टाकू नये. कामानंतर साबणाने हात धुवावेत. डोळ्यांत थेंब उडाला तर भरपूर पाण्याने डोळा धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

मल्टीमीटरचे चार आकडे

साधा मल्टीमीटर आता पुष्कळ स्वस्त झाला आहे. चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून एक घेतला तरी चालेल. त्याला २० व्होल्ट डीसीवर लावून लाल टोक अधिकला आणि काळे वजाला धरावे. चार आकडे पाठ असावेत.

रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ आला तर निम्मीच भरलेली आहे. १२ च्या खाली गेला तर ती उतरलेली समजावी आणि आधी चार्ज करून घ्यावी.

सेल्फ मारत असताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. चार्ज केलेली बॅटरीही त्याखाली कोसळत असेल आणि टर्मिनल स्वच्छ असतील, तरच बॅटरी बदलण्याचा विचार करावा.

गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा दिसावा. चालू गाडीतही १२.४-१२.५ च दिसत असेल तर अल्टरनेटर किंवा सैल बेल्ट बॅटरी भरतच नाही. नवीन बॅटरी टाकली तरी तीही आठवड्याभरात उतरेल. काही नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर कमीजास्त करतो. त्यामुळे एकाच आकड्यावर निकाल देऊ नये, दोन-तीन वेळा पाहावे.

चौथी बाब गळतीची. बंद गाडीतही घड्याळ आणि कॉम्प्युटर थोडी वीज घेतात. ही साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत असावी. बाहेरून बसवलेले टेप, जादा दिवे, मोबाइलचे चार्जर यांमुळे ती वाढते आणि रात्रभरात बॅटरी बसते. हे माप इलेक्ट्रिशियनकडून घ्यावे. अँपिअरवर लावलेला मीटर जोडून चुकूनही सेल्फ मारू नये, मीटर जळतो.

डिझेल गाडी असेल तर

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्या तारेचे चिन्ह उमटते. ते हीटर प्लगचे. ते विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा. फार थंडीत हे दोनदा करावे. काही जुन्या इंजिनांना हीटर प्लग नसतातच, तेव्हा आपल्या गाडीला ते आहेत की नाहीत हे आधी विचारून घ्यावे.

इंजिन फिरत असताना सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. संशय हीटर प्लगवर. धूरच येत नसेल तर डिझेल पोहोचत नाही. फिल्टर तुंबला आहे, त्यात पाणी साचले आहे किंवा पाइपने एअर घेतली आहे. फिल्टरच्या खालच्या नळीतून पाणी काढावे आणि हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबावा.

हीटर प्लग चांगला असेल तर मीटरवर एक-दोन ओमच्या आतबाहेर रोध दाखवतो, जळालेला असेल तर काहीच दाखवत नाही. चारपैकी दोन गेले असतील तर गाडी दुपारी चालू होईल आणि पहाटे रडवेल. नव्या गाड्यांचे प्लग कमी व्होल्टवर चालतात, म्हणून त्यांना थेट बॅटरीची वायर लावून पाहू नये.

आपल्याकडे डिझेल गोठेल इतकी थंडी सहसा पडत नाही. त्यामुळे डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. त्याने पंप आणि इंजेक्टर खराब होतात आणि ते कायद्याविरुद्धही आहे. आपले काही तरुण ट्रकवर लडाखपर्यंत जातात. त्यांच्यासाठी गोष्ट वेगळी. तिथल्या थंडीत साध्या डिझेलमधील मेण गोठते. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या भागासाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. वर जाताना टाकीत ते भरून घ्यावे.

पेट्रोल आणि सीएनजी

चोक असलेली जुनी गाडी असेल तर चोक पूर्ण ओढून सेल्फ मारावा आणि इंजिन तापले की हळूहळू आत ढकलावा. नव्या इंजेक्शनच्या गाडीत चोक नसतो. तिथे ॲक्सिलरेटर पंप करू नये. चावी 'ऑन' करून दोन सेकंद थांबावे, टाकीतील पंपाला दाब तयार करू द्यावा आणि मग सेल्फ मारावा. पेट्रोल जास्त होऊन प्लग ओले झाले असतील तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की बहुतेक गाड्यांत ते मोकळे होतात. प्लग काळे किंवा झिजलेले असतील तर बदलावेत, ते तुलनेने स्वस्त काम आहे. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडला तर कॉम्प्युटरला इंजिन गरमच वाटते आणि तो पेट्रोल कमी सोडतो. थंड असताना अडते आणि तापल्यावर ठीक चालते, अशी तक्रार असेल तर हा सेन्सर तपासायला सांगावा.

सीएनजीची गाडी थंडीत पेट्रोलवरच चालू करावी आणि इंजिन तापल्यावर गॅसवर घ्यावी. कारखान्यातून गॅस बसवून आलेल्या बहुतेक गाड्या हे आपोआप करतात. परंतु पैसे वाचवण्यासाठी आपले अनेक चालक टाकीत पेट्रोल ठेवतच नाहीत. टाकीतील पंप पेट्रोलनेच थंड राहतो. कोरडा चालला तर जळतो आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च येतो. पाव टाकी पेट्रोल नेहमी असू द्यावे.

सर्वांसाठी तीन सूचना. सेल्फ मारण्यापूर्वी दिवे, पंखा, टेप बंद करावे. गिअरची गाडी असेल तर क्लच दाबावा, म्हणजे गिअरबॉक्समधले घट्ट ऑइल फिरवण्याचा भार कमी होतो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे. ऑइल बदलताना गाडीच्या पुस्तकात दिलेलाच नंबर घ्यावा. '२०डब्ल्यू-४०' मधला डब्ल्यू थंडीचा आणि त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत पातळ राहते.

जिवावर बेतणारे उपाय नकोत

डिझेलच्या टाकीखाली किंवा इंजिनाच्या चेंबरखाली पेटते बोळे धरून गाडी तापवण्याची पद्धत काही चालकांमध्ये आहे. गळक्या पाइपाचा एक थेंब पुरेसा असतो. गाडी जाते आणि माणूसही. हे कोणत्याही परिस्थितीत करू नये.

घराला लागून असलेल्या पत्र्याच्या बंद शेडमध्ये गाडी तापत ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या मुलांना तो झोपेतच मारतो. इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपणेही तितकेच धोक्याचे.

दुसऱ्या गाडीवरून वीज घ्यायची असेल तर जाड जंपर केबल वापरावी. अधिक टोक अधिकला जोडावे. वजाची केबल चालू गाडीच्या वजाला आणि दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. ट्रकची २४ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टच्या गाडीला जोडू नये.

धक्का मारणे जुन्या गाड्यांना चालून जाते. नव्या पेट्रोल गाड्यांत न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील महागड्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करते. आणि अंधारात वाहत्या रस्त्यावर मुलांना धक्का मारायला लावणे केव्हाही वाईट.

पावती जपा, हक्क मागा

बॅटरी खरोखरच गेली असेल तर आधी वॉरंटीचे कार्ड शोधावे. पुष्कळ बॅटऱ्यांना काही महिने पूर्ण बदलून देण्याची आणि पुढे काही महिने किमतीत सूट देण्याची हमी असते. परंतु कार्डावर शिक्का आणि तारीख नसते, बिल घेतलेले नसते आणि हक्क बुडतो. शंभर-दोनशे रुपये वाचतात म्हणून बिनबिलाची बॅटरी घेऊ नये.

दुकानदार हमी असूनही ऐकत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. "तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही," असे ऐकवले तर घाबरू नये. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, दोन वर्षांच्या आत, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही.

जुनी बॅटरी विक्रेत्याला परत देऊनच नवी घ्यावी. २००१ च्या नियमांपासून ती परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांवर आली आणि २०२२ च्या नियमांनी उत्पादकांना बांधून घेतले. काही ठिकाणी वस्तीतच बॅटऱ्या फोडून शिसे वितळवतात. त्या धुराने आणि धुळीने लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो. असे काम आपल्या दारात होऊ देऊ नये.

घरची वही

शेवटी भगिनींना एक विनंती. घरात किराण्याची वही असते तशीच गाडीची एक वही ठेवावी. बॅटरी कधी घेतली, ऑइल कधी बदलले, प्लग कधी टाकले, मिस्त्रीला किती दिले आणि कशाचे दिले, हे तारखेसह लिहावे. बॅटरीचे बिल आणि कार्ड त्याच वहीत चिकटवावे. गाडी चालवणाऱ्याला दिवसभराच्या धावपळीत हे आठवत नाही. वहीत लिहिलेले असले की तेच सामान वर्षात दुसऱ्यांदा बदलले जात असल्याचे लगेच ध्यानात येते आणि प्रश्न विचारता येतो.

येत्या रविवारी, सकाळी ऊन पडल्यावर, वस्तीतील चार गाडीवाल्यांनी एकत्र यावे. सोडा, गरम पाणी, पाना आणि एक मल्टीमीटर, एवढे साहित्य पुरे. चारही गाड्यांची टर्मिनल साफ करावीत, आकडे वहीत लिहावेत आणि ज्याची बॅटरी अशक्त निघेल त्याने ती थंडी वाढण्याआधी चार्ज करून घ्यावी. दोन तासांचे काम आहे. तरुण मुलांनाही सोबत घ्यावे. आज टर्मिनल घासायला शिकलेला मुलगा उद्या चार घरांच्या गाड्या तपासून देईल.